न्यूयॉर्कमधील इटालियन भोजनगृहांची चढण

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये उंची इटालियन रेस्टॉरंटात दोघांचे रात्रीचे जेवण आज वाइन धरून काही शे डॉलरला पडते. मेजावर कडक इस्त्रीचा पांढरा मेजपोश असतो आणि हातात जाडजूड वाइन-यादी येते. जेवण ठरलेल्या क्रमाने चालते. आधी अँटिपास्तो, म्हणजे तोंड उघडायला लहानसे काही. मग प्रीमो, त्यात पास्ता किंवा रिसोट्टो. त्यानंतर सेकोंदो, मासा किंवा मांस. सोबत वेगळ्या बशीत भाजी. आणि शेवटी गोड पदार्थ व एस्प्रेसो. याच शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन जेवणाची ओळख अगदी उलट होती. ते स्वस्त, पोटभरीचे, लसणाच्या वासाचे आणि अर्ध्या डॉलरच्या आसपास वाइनसकट मिळणारे जेवण होते. या दोन टोकांमधले अंतर काटायला सुमारे शंभर वर्षे लागली. त्या काळात स्वयंपाक बदललाच, पण तो आणणाऱ्या माणसांकडे पाहण्याची शहराची नजर त्याहून अधिक बदलली. परक्या शहरात एखाद्या पाककलेचे मोल तिच्या चवीवर कमी आणि ती आणणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावर जास्त ठरते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

अमेरिकेतल्या उंची भोजनगृहांची सुरुवातच मुळात एका इटालियन बोलणाऱ्या घराण्याने केली. स्वित्झर्लंडच्या तिचिनो या इटालियन भाषिक प्रांतातून आलेल्या जोव्हान्नी आणि पिएत्रो डेल्मोनिको या भावांनी १८२७ मध्ये विल्यम स्ट्रीटवर कॉफी आणि केक-पेस्ट्रीचे दुकान काढले. दहा वर्षांत त्याचे भव्य रेस्टॉरंट झाले. पुढे पुतण्या लोरेन्झोच्या हाताखाली डेल्मोनिकोज हे नाव साऱ्या देशात उत्तम जेवणाचे दुसरे नाव बनले. तिथला स्वयंपाक मात्र फ्रेंच होता. खाद्ययादी फ्रेंचमध्ये, शेफ फ्रेंच, वाइनही बहुतांशी फ्रेंच. एकोणिसाव्या शतकात साऱ्या युरोपात, अगदी इटलीच्या राजदरबारातही, मानाचे पान फ्रेंच पद्धतीचेच असे. डेल्मोनिको कुटुंबाने आपल्या भाषेतला स्वयंपाक श्रीमंतांपुढे मांडला नाही याचे म्हणूनच नवल वाटत नाही. तो मांडता येईल अशी कल्पनाच त्या काळी नव्हती.

१८८० ते १९२४ या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुसंख्य नेपल्सच्या आसपासचा प्रदेश, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिणेकडच्या गरीब मुलखातले होते. त्यांतही आरंभी तरुण पुरुषच जास्त; काही वर्षे भुयारी रेल्वे खणायची, इमारती उभ्या करायच्या आणि पैसे साठवून गावी परतायचे, असा त्यांचा बेत असे. मलबेरी स्ट्रीटच्या परिसरात एकेका खोलीत अनेकजण राहत. त्यांच्या जेवणाची सोय एखाद्या कुटुंबातली बाई करी. ती चार माणसांबरोबर आणखी दहांचे रांधी आणि आठवड्याचे पैसे घेई. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांसाठी बायकांनी चालवलेल्या खानावळी ज्या गरजेतून निघाल्या, त्याच गरजेतून न्यूयॉर्कच्या या इटालियन खानावळी निघाल्या. पुढच्या कितीतरी प्रसिद्ध रेस्टॉरंटांचा पाया अशाच एखाद्या घरगुती चुलीवर आहे.

या चुलीवर शिजत होते ते इटलीत शिजत होते तसेच्या तसे नव्हते. दक्षिण इटलीतल्या शेतमजुराच्या घरी मांस सणावारालाच दिसे. अमेरिकेत मजुरी कमी म्हटली तरी आठवड्यातून अनेकदा मांस घेता येई, आणि डबाबंद टोमॅटो मुबलक होता. त्यातून टोमॅटोच्या दाट लाल सॉसमध्ये मोठे मोठे मांसाचे गोळे आणि खाली स्पॅगेटीचा ढीग, असे अमेरिकन-इटालियन ताट तयार झाले. इटलीत पास्ता आणि मांस सहसा दोन वेगळ्या टप्प्यांत वाढतात. इथे ते एकाच ताटात आले. पुढे अनेक पिढ्या जाणकारांनी या ताटाला ‘खरे इटालियन नव्हे’ म्हणून नाके मुरडली. हा न्याय अपुरा आहे. ज्यांच्या आजोबांनी पोटभर मांस कधी पाहिले नव्हते, त्यांनी नव्या देशात मिळालेली सुबत्ता पहिल्यांदा जिथे साजरी केली ती जागा म्हणजे हे ताट.

शहरातल्या सुस्थितीतल्या लोकांना मात्र त्यात फक्त लसूण दिसला. स्थलांतरितांच्या वस्त्यांत काम करणारे समाजसुधारक आणि आहारतज्ज्ञ इटालियन आयांना मुलांना दूध, बटाटे आणि साधे उकडलेले पदार्थ द्यायला सांगत. तिखट-मसालेदार, मिश्र पदार्थ पचायला जड असतात, असे त्या काळचे आहारशास्त्र मानी. स्पॅगेटी खाणारे घर अजून पुरते अमेरिकन झालेले नाही, असाही समज होता. इटालियन कुटुंबांनी हा सल्ला फारसा मनावर घेतला नाही, आणि त्यांच्या त्या हट्टामुळेच पुढचा सारा इतिहास घडला.

बाहेरच्यांपैकी पहिले गिऱ्हाईक मिळाले ते लेखक, चित्रकार आणि विद्यार्थ्यांचे. ग्रीनिच व्हिलेजमध्ये गोन्फारोनेज यांसारख्या जागी ठरलेल्या दरात अनेक पदार्थांचे ठरलेले जेवण आणि लाल वाइन मिळे. खिशात फार नसलेल्या कलावंतांना ते परवडे आणि तिथला गलका आवडे. अशा जागांचे आकर्षण चवीइतकेच मोकळेपणाचे होते. पण ‘कलावंतांची स्वस्त जागा’ ही ओळखसुद्धा वर जायच्या वाटेतला अडसरच होती.

इटलीची एकच गोष्ट न्यूयॉर्कचे श्रीमंत डोक्यावर घेत होते, ती म्हणजे ऑपेरा. १८८३ मध्ये ब्रॉडवेवर एकोणचाळिसाव्या रस्त्याजवळ मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊस सुरू झाले. १९०३ मध्ये तिथे एन्रिको कारुझो गाऊ लागला आणि १९०८ मध्ये आर्तुरो तोस्कानिनी संगीत-संचालनासाठी आला. त्यांना, वादकांना, मागच्या तंत्रज्ञांना घरची चव हवी होती. १९०६ या एकाच वर्षी ऑपेराच्या आसपास दोन इटालियन जागा निघाल्या, आणि त्या दोन जागांच्या पुढच्या वाटचालीत इटालियन भोजनगृहांचे दोन्ही मार्ग दिसतात.

पहिली जागा लुइझा लिओने या गृहिणीची. तिने आपल्या घराच्या दिवाणखान्यात वीसेक माणसांची पंगत मांडली, आणि तिला धीर देणाऱ्यांत कारुझो होता, असे घराण्यात सांगितले जाई. ‘मामा लिओनेज’ पुढे अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर गेले आणि वाढत वाढत हजाराहून अधिक माणसे एका वेळी बसतील इतके अवाढव्य झाले. मेजावर चीजचा मोठा तुकडा, भाज्यांची बशी, संगमरवरी पुतळे, फिरते वादक. बाहेरगावाहून न्यूयॉर्क पाहायला आलेल्या कुटुंबाची एक संध्याकाळ तिथे ठरलेली असे. १९५९ मध्ये ते एका मोठ्या रेस्टॉरंट कंपनीच्या हाती गेले आणि १९९४ मध्ये बंद झाले.

दुसरी जागा बार्बेटा. उत्तरेकडच्या पिएमोंते प्रांतातून आलेल्या सेबास्तियानो मायोलियो यांनी ती एकोणचाळिसाव्या रस्त्यावर काढली. १९२५ मध्ये त्यांनी सेहेचाळिसाव्या रस्त्यावरची घरे विकत घेतली. ती पूर्वी अॅस्टर या गडगंज घराण्याची होती. इथेही कारुझो-तोस्कानिनी येत. पण अनेक वर्षे बार्बेटाही साधीच जागा होती. तिचे नशीब पालटले ते १९६२ मध्ये, आणि त्याआधी मधला काळ पाहायला हवा.

त्या काळातली सर्वांत मोठी घडामोड दारूबंदीची. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अमेरिकेत मद्यविक्रीवर बंदी होती. उंची फ्रेंच भोजनगृहांचा नफा वाइनवर उभा होता आणि त्यांचे कित्येक पदार्थ वाइनशिवाय शिजतच नसत. एकामागून एक ती बंद पडली. डेल्मोनिकोजने १९२३ मध्ये दार लावले. इटालियन घरांत मात्र द्राक्षे आणून तळघरात वाइन करणे ही जुनीच रीत होती, आणि कायद्याने घरच्यापुरता फळांचा रस आंबवायला थोडी वाट ठेवली होती. कॅलिफोर्नियातून द्राक्षांच्या पेट्या आगगाडीने येत. लहान इटालियन रेस्टॉरंटांत ओळखीच्या गिऱ्हाइकाला कॉफीच्या कपातून लाल वाइन मिळू लागली. जे लोक एरवी या वस्त्यांत पाऊल टाकत नसत, ते वाइनसाठी आले आणि जेवूनही जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात इटलीहून येणारा पास्ता अडल्यामुळे अमेरिकेत पास्त्याचे कारखाने वाढले होते, तेव्हा मालाचीही वाण नव्हती. स्पॅगेटी अमेरिकन मध्यमवर्गाच्या ओळखीची झाली ती या जवळजवळ चौदा वर्षांत. प्रतिष्ठा मात्र मिळाली नाही. बंदीच्या काळातल्या चोरट्या गुत्त्यांची आणि गुंड टोळ्यांची सावली त्या नावाला चिकटली. पुढे मुसोलिनीच्या इटलीशी युद्ध झाले, तेव्हा नागरिकत्व न घेतलेल्या लाखो इटालियनांची नोंद शत्रुराष्ट्राचे रहिवासी म्हणून झाली.

दरम्यान १९२४ च्या कायद्याने इटलीहून येणाऱ्यांची वार्षिक मर्यादा चार हजारांच्याही आत आणून ठेवली होती. हा कायदा दक्षिण युरोपातल्या माणसांविषयीच्या उघड तिरस्कारातून झाला. त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा, की गरीब इटालियन मजुरांचे नवे लोंढे थांबले. आधी आलेल्यांची मुले शिकली, सैन्यात गेली, उपनगरांत राहायला गेली. दोन पिढ्यांत ‘इटालियन’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे फावडे घेतलेला मजूर येईनासा झाला. पाककला वर चढायला जागा झाली ती इथे.

त्या वेळी उंचीचे माप फ्रेंच होते. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनातल्या फ्रेंच दालनाचे रेस्टॉरंट सांभाळणाऱ्या आँरी सुले यांनी १९४१ मध्ये मॅनहॅटनमध्ये ‘ल पाव्हियाँ’ काढले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे न्यूयॉर्कच्या प्रत्येक महागड्या जागेची तुलना त्याच्याशी झाली. १९५७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खाद्यविभागाची सूत्रे क्रेग क्लेबर्न यांच्याकडे आली आणि १९६० च्या दशकात त्या पत्राने रेस्टॉरंटांना तारे द्यायला सुरुवात केली. चार तारे म्हणजे कळस. ते बहुधा फ्रेंच जागांनाच मिळत. इटालियन जागा कितीही चांगली असली तरी ती ‘आपल्या प्रकारातली चांगली’ समजली जाई.

१९६२ मध्ये बार्बेटा विकण्याचा बेत चालला होता. सेबास्तियानो यांची मुलगी लॉरा कलेच्या इतिहासाची विद्यार्थिनी होती. तिने विक्री थांबवून रेस्टॉरंट स्वतःकडे घेतले आणि त्याचे रूप मुळापासून बदलले. अठराव्या शतकातल्या पिएमोंतेच्या वाड्यांसारखी सजावट, तुरिनहून आणलेले झुंबर, जुने लाकडी फर्निचर, मागे झाडे आणि कारंजे असलेली बाग. यादीत पिएमोंतेचे पदार्थ आले आणि शरद ऋतूत पांढरे ट्रफल. जमिनीखाली वाढणारे हे सुगंधी कवक आल्बा गावाच्या टेकड्यांत कुत्र्यांच्या साहाय्याने शोधतात. हंगाम साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर. वास काही दिवसांत उडून जातो, म्हणून ते विमानाने मागवावे लागते. इटालियन जेवणासाठी एवढा खर्च करायचा असतो ही कल्पनाच न्यूयॉर्कला नवी होती. लॉरा मायोलियो यांच्या कामगिरीचे महत्त्व पदार्थांइतकेच या धैर्यात आहे. इटलीला राजवाडे आहेत, दरबारी परंपरा आहे, हे त्यांनी खोलीच्या सजावटीतून शहराला दाखवून दिले.

१९५० ते १९८० या दशकांत वर चढू पाहणाऱ्या जागांनी आणखी एक वाट धरली, ती ‘उत्तर इटालियन’ या शब्दांची. १९५३ मध्ये निघालेल्या रोमिओ साल्टापासून कितीतरी रेस्टॉरंटांनी हे शब्द पाटीवर आणि जाहिरातींत मिरवले. लोणी, मलई, वासराचे कोवळे मांस, रिसोट्टो. टोमॅटो आणि लसूण मागच्या दाराने बाहेर. यातला काही भाग खरा होता, कारण पो नदीच्या खोऱ्यात खरोखरच लोणी-तांदळाचा स्वयंपाक आहे. पण पुष्कळदा मालक आणि आचारी दक्षिणेचेच असत आणि पाटी उत्तरेची. ‘आम्ही त्या मलबेरी स्ट्रीटवाल्यांपैकी नव्हे’ एवढेच तिला सांगायचे असे. आपल्याच आजीच्या स्वयंपाकाला पाठ दाखवून मिळालेली ही प्रतिष्ठा होती, आणि या इतिहासातला तो सर्वांत दुखरा भाग आहे. १९७४ मध्ये ‘टाइम्स’च्या जॉन कॅनडे यांनी ‘पारिओली रोमानिस्सिमो’ या इटालियन रेस्टॉरंटला चार तारे दिले. त्यानंतर पुन्हा तसे व्हायला छत्तीस वर्षे लागली.

फ्रेंच दबदबा किती होता, हे ‘ल सर्क’ची गोष्ट सांगते. तोस्कानातल्या मोन्तेकातिनी गावचे सिरिओ माचोनी युरोपातल्या मोठ्या हॉटेलांत वाढपी म्हणून तयार झाले आणि न्यूयॉर्कच्या ‘द कॉलनी’ या श्रीमंती रेस्टॉरंटात पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या जागेपर्यंत चढले. १९७४ मध्ये त्यांनी स्वतःची जागा काढली तेव्हा नाव फ्रेंच ठेवले आणि शेफही फ्रेंच नेमला, ज्याँ व्हेर्न. १९७० च्या दशकात तिथे भाज्या आणि मलई घातलेला ‘पास्ता प्रिमाव्हेरा’ गाजला. तो नेमका कुणी केला यावर वाद आहे. व्हेर्न यांना तो आपल्या स्वयंपाकघरात नको होता, म्हणून पास्ता बाहेर बोळात शिजवून गिऱ्हाइकापुढे मेजाजवळ मिसळला जाई. छापील यादीतही त्याला जागा नव्हती. १९७७ मध्ये ‘टाइम्स’ने कृती छापल्यावर साऱ्या देशाने तो घरी करून पाहिला. मालक इटालियन, सर्वांत मागणी असलेला पदार्थ इटालियन, आणि त्याला स्वयंपाकघरात प्रवेश नाही; त्या दशकाची स्थिती यापेक्षा नेमकी सांगता येणार नाही.

बदल आधी घरांतून आला. एमिलिया-रोमान्या प्रांतातल्या चेझेनातिको गावच्या मार्चेला हाझान न्यूयॉर्कच्या आपल्या घरी स्वयंपाकाचे वर्ग घेत. १९७३ मध्ये त्यांचे इटालियन पाककृतींचे पहिले पुस्तक आले. इटालियन स्वयंपाक म्हणजे एक पद्धत नसून प्रांताप्रांतांच्या, गावागावांच्या पद्धती आहेत, आणि त्यांचे सौंदर्य कमीत कमी जिनसांत आहे, हे त्यांनी वाचकाला हाताला धरून शिकवले. डबाबंद टोमॅटो, लोणी आणि अर्धा कापलेला कांदा, एवढ्याच तीन वस्तूंचा त्यांचा सॉस अजून अमेरिकेतल्या असंख्य घरांत होतो. असा वाचक रेस्टॉरंटात आला की त्याला यादीतला फरक कळू लागला.

मालाचीही अडचण होती. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगामुळे १९६७ पासून पार्माचे प्रोशूत्तो, म्हणजे मिठात मुरवलेले हॅम, अमेरिकेत आणायला बंदी होती. ती १९८९ मध्ये उठली. म्हणजे बावीस वर्षे न्यूयॉर्कच्या सर्वोत्तम इटालियन आचाऱ्याला सर्वांत साधा अँटिपास्तो खऱ्या वस्तूने वाढता येत नव्हता. वाइनची कथा अशीच. न्यूयॉर्ककराला इटालियन वाइन म्हणजे गवताच्या वेष्टनातली कियांतीची गुबगुबीत बाटली माहीत होती. रिकामी झाली की तिच्यात मेणबत्ती खोचत. इटलीने १९६३ मध्ये वाइनच्या मूळ प्रदेशांची कायदेशीर हमी देणारी व्यवस्था आणली, तोस्कानात सास्सिकाया आणि तिन्यानेल्लोसारख्या नव्या वाइन आल्या, आणि बारोलो, बार्बारेस्को, ब्रुनेल्लो यांना १९८० च्या सुमारास सर्वोच्च दर्जा मिळाला. आता फ्रेंच बाटलीच्या शेजारी तितक्याच किमतीची इटालियन बाटली यादीत मांडता येऊ लागली. भरीला अॅन्सेल कीझ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ऑलिव्ह तेल, भाज्या आणि धान्यांवर चालणाऱ्या भूमध्य सागरी आहाराचा हृदयाच्या आरोग्याशी संबंध दाखवला. ज्या आहाराबद्दल इटालियन आयांना पन्नास वर्षांपूर्वी बोल लावले गेले होते, तोच आता डॉक्टर सुचवू लागले.

१९८० च्या दशकात या साऱ्याचे फळ दिसले. लिडिया बास्तियानिच यांचा जन्म १९४७ मध्ये पोला इथे झाला. हा भाग युद्धानंतर युगोस्लाव्हियात गेला. लहानपणी त्यांचे कुटुंब त्रिएस्तेच्या निर्वासित छावणीत राहिले आणि १९५८ मध्ये न्यूयॉर्कला आले. १९८१ मध्ये त्यांनी अठ्ठावन्नाव्या रस्त्यावर ‘फेलिडिया’ उघडले. तिथे पोलेंता, रिसोट्टो, शिकारीचे मांस असे इटलीच्या पूर्व सीमेवरचे जेवण होते, आणि स्त्री शेफ-मालकीण स्वतः मेजाजवळ येऊन पदार्थामागचा मुलूख समजावून सांगे. टोनी मे यांचे काम वेगळ्या तऱ्हेचे. नेपल्सजवळच्या तोर्रे देल ग्रेको गावचा हा माणूस आधी रॉकफेलर सेंटरमधल्या ‘रेनबो रूम’चा कारभार पाही. १९७९ मध्ये त्यांनी इटालियन रेस्टॉरंट-मालकांची संघटना बांधली आणि अमेरिकेतल्या इटालियन जागांनी इटलीतला चालू स्वयंपाक शिकावा म्हणून धडपड केली.

१९८८ मध्ये सेंट्रल पार्कच्या दक्षिण कडेला त्यांनी ‘सान दोमेनिको’ काढले. मूळ सान दोमेनिको इटलीत इमोला गावी १९७० पासून होते. तिथे नीनो बेर्जेसे हा वयोवृद्ध आचारी येऊन राहिला होता. उमरावांच्या घरांत आयुष्य घालवलेल्या या आचाऱ्याने आपली विद्या तरुणांच्या हाती दिली. त्याचा एकच पदार्थ पाहिला तरी पुरे. एक मोठा राव्हियोलो, आत पालक आणि रिकोत्ता चीजचे आळे, त्यात कच्चे अंड्याचे पिवळे, वर लोणी, परमेसान आणि ट्रफल. उकळत्या पाण्यात तो इतकाच वेळ ठेवायचा की कणीक शिजावी आणि पिवळे पातळ राहावे. सुरीचा स्पर्श होताच ते वाहून सॉस होते. न्यूयॉर्कमध्ये हा राव्हियोलो आला तेव्हा पास्ता हा पोट भरण्याचा नव्हे तर कौशल्याचा पदार्थ आहे, हे बोलून दाखवायची गरज उरली नाही.

अशा जागेचे कामकाज बाहेरून दिसते त्याहून कठीण असते. पास्त्याची चूल हे स्वयंपाकघरातले सर्वांत धकाधकीचे ठिकाण. वाळवलेला पास्ता अल देंते, म्हणजे दाताला किंचित कणीदार लागेल असा, पाण्यातून जरा आधीच उचलून सॉसच्या तव्यात पुरा करायचा; ताजा अंड्याचा पास्ता दोन-तीन मिनिटांत होतो आणि क्षणभर उशीर झाला तर लिबलिबीत पडतो. रिसोट्टोला पंधरा-वीस मिनिटे सतत ढवळण्याची मेहनत लागते. एका मेजावरच्या चौघांचे चार वेगळे प्रीमो एकाच क्षणी बाहेर पडले पाहिजेत. ट्रफल मेजाजवळ किसायचे, आणि काही ठिकाणी ते आधी व नंतर वजन करून पैसे लावतात. अमेरिकेने या रीतीत आपली भर घातली. पास्ता हेच मुख्य जेवण समजणे, आरंभी ब्रेडबरोबर ऑलिव्ह तेलाची बशी देणे, जेवणानंतर दुधाचा कापुचिनो मागणे, या सवयी इटलीतल्या नाहीत. बहुतेक मालकांनी त्या गिऱ्हाइकाच्या मर्जीने चालू दिल्या.

१९९८ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमध्ये शेफ मारिओ बटाली यांनी लिडिया यांचा मुलगा जो बास्तियानिच याच्यासह ‘बाब्बो’ उघडले. वाइन सगळी इटालियन, पास्त्यात बैलाचे गाल आणि कोकराचा मेंदू, आणि जेवणाच्या खोलीत मोठ्या आवाजात रॉक संगीत. फ्रेंच शिष्टाचाराची उसनवारी इथे संपली. त्याच मंडळींनी लिडिया यांच्यासह २००५ मध्ये दहाव्या अव्हेन्यूवर ‘देल पोस्तो’ काढले. संगमरवर, महोगनी लाकूड, पियानो, पाहुण्यांच्या पर्ससाठी छोटी तिवई असा तिथला थाट होता. सप्टेंबर २०१० मध्ये ‘टाइम्स’च्या सॅम सिफ्टन यांनी शेफ मार्क लॅडनर यांच्या स्वयंपाकासाठी त्याला चार तारे दिले. १९७४ नंतर इटालियन रेस्टॉरंटला मिळालेले हे पहिले चार तारे.

न्यूयॉर्क विद्यापीठात अन्नाचा समाजशास्त्रीय अभ्यास करणारे, मूळ ओडिशाचे कृष्णेंदू रे यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात या चढणीचा हिशेब मांडला. रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकांतले दर आणि वृत्तपत्री लेखन तपासून ते दाखवतात, की स्थलांतरितांचा समूह गरीब आणि ताजा असेपर्यंत त्यांचे अन्न लोकांना आवडते, पण त्याला जास्त पैसे द्यायला कुणी तयार नसते. इटालियन अन्न ही मर्यादा ओलांडून गेले. चिनी आणि भारतीय अन्न बराच काळ खालीच राहिले. मुंबईत जन्मलेले गोव्याच्या मुळांचे शेफ फ्लॉइड कार्डोझ यांनी १९९८ मध्ये, बाब्बोच्याच वर्षी, मॅडिसन अव्हेन्यूवर ‘टॅब्ला’मधून भारतीय मसाले महागड्या पानात आणले ते या भिंतीशी झुंजतच. बारा वर्षांनी टॅब्ला बंद झाले. मात्र त्या पिढीने वाट दाखवल्यामुळे आज शहरात उंची भारतीय जागा उभ्या राहू शकल्या.

इटालियन कथेला शेवटचे वळण मिळाले ते मागे वळून पाहण्याने. २०१३ मध्ये थॉम्प्सन स्ट्रीटवर, जिथे १९२२ पासून रोक्को नावाचे जुने इटालियन रेस्टॉरंट होते त्याच जागी, मारिओ कार्बोने, रिच टोरिसी आणि जेफ झलाझनिक यांनी ‘कार्बोने’ उघडले. पदार्थ मुद्दाम तेच, ज्यांना उत्तर इटालियन पाट्यांनी घराबाहेर काढले होते. टोमॅटो-मलई-व्होडकाच्या तिखट सॉसमधला रिगातोनी, मेजाजवळ कालवलेले सीझर सॅलड, वर चीज वितळवलेले वासराचे मांस. वाढपी गडद लाल टक्सिडोत. वासराच्या पदार्थाचा दर पन्नास डॉलरच्या घरात. दक्षिणेच्या मजुरांच्या नातवंडांनी आजीच्या स्वयंपाकाला पूर्ण किंमत लावली आणि शहराने ती दिली. पुढे याच नावाच्या शाखा हाँगकाँग, लास व्हेगास आणि मायामीत निघाल्या.

त्या मानाने राजवाडी थाटाच्या जागांचे दिवस कठीण आले. करोनाच्या साथीत शहरातली भोजनगृहे महिनोन्‌महिने बंद राहिली. ‘देल पोस्तो’ २०२१ मध्ये कायमचे बंद झाले. तिथल्या शेफ मेलिसा रॉड्रिगेझ यांनी २०२२ मध्ये त्याच वास्तूत ‘अल कोरो’ काढले आणि पहिल्याच वर्षी मिशलँ मार्गदर्शिकेचे दोन तारे मिळवले. तरीही एवढ्या मोठ्या खोलीचा आणि अनेक टप्प्यांच्या जेवणाचा खर्च न झेपल्याने ते २०२३ मध्ये थांबले. १९८८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अंड्याचा राव्हियोलो ज्या पत्त्यावर वाढला गेला, तिथे ‘सान दोमेनिको’नंतर २००९ मध्ये समुद्री पदार्थांचे ‘मारेआ’ सुरू झाले. ऑक्टोपस आणि हाडातला मगज घातलेला तिथला फुसिल्ली पास्ता हा त्याचा सर्वांत नावाजलेला पदार्थ ठरला.